ट्रॅक्टरचे मागचे टायर: आधी काम मोजा, मग माप ठरवा

येरवड्यातून दोन मोठे रस्ते शेतशिवाराकडे जातात. नगर रस्ता खराडी, वाघोली ओलांडून शिक्रापूर-शिरूरच्या ऊस-कांद्याच्या पट्ट्यात शिरतो. आळंदी रस्ता विश्रांतवाडी-दिघीमार्गे आळंदीला आणि पुढे खेड तालुक्याकडे जातो. दोन्ही रस्त्यांवर दिवसभर ट्रॅक्टर दिसतात, पण त्यांची कामं सारखी नसतात. एकामागे पाण्याचा टँकर असतो, दुसऱ्यामागे वाघोलीकडची खडी, मुरूम, विटा किंवा पाडलेल्या इमारतीचा राडारोडा. गणेशोत्सवात हेच ट्रॅक्टर मंडळांचे रथ ओढतात. याच भागात शेतीही पूर्ण संपलेली नाही. येरवडा खुल्या कारागृहातले बंदी शेती करतात. मुळा-मुठेच्या पलीकडे मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. आणि नगर रस्त्यानं पुढे गेलं की सणसवाडीला जॉन डिअरचा कारखाना आहे, तिथे ट्रॅक्टरच तयार होतात.

म्हणजे एकाच कंपनीचे, एकाच अश्वशक्तीचे दोन ट्रॅक्टर घेतले, तरी एक डांबरावर झिजतो आणि दुसरा मातीत. मागचे टायर बदलायची वेळ येते तेव्हा मात्र दोघांचे मालक दुकानात एकच प्रश्न विचारतात: "कुठल्या कंपनीचा टिकतो?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो तिसरा किंवा चौथा असायला हवा. पहिला प्रश्न असा: गेल्या वर्षभरात हा ट्रॅक्टर किती तास मातीत चालला आणि किती तास रस्त्यावर? त्याचं उत्तर प्रामाणिकपणे मिळालं की नक्षी, बांधणी, हवेचा दाब, चाकात पाणी भरायचं की नाही, हे बाकीचे निर्णय बरेचसे आपोआप सुटतात. उत्तर न शोधता घेतलेला चांगल्यातला चांगला टायरही पैसे वाया घालवतो.

मागच्या टायरकडे कोणतं काम असतं

दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाची सगळी ताकद शेवटी मागच्या दोन टायरच्या जमिनीला टेकलेल्या पट्ट्यातून कामाला येते. नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली, काहीही जोडा, जमिनीशी खरा व्यवहार त्या दोन पट्ट्यांतच होतो. ट्रॅक्टरचं बहुतेक वजन तेच पेलतात. नांगर खाली घातला की नांगराची ओढही त्यांच्यावर येते. एका धुरीची ट्रॉली किंवा टँकर जोडला तर मालाचा काही भार हुकवरून मागच्या चाकांवर उतरतो. ट्रॅक्टरला मोटारीसारखे स्प्रिंग नसतात, त्यामुळे खड्ड्यांचे धक्केही आधी टायरच सोसतो.

रबरी टायरच्या आधी ट्रॅक्टरला लोखंडी चाकं असत. त्यांच्या कडेला लोखंडी दाते बसवलेले. शेतात ते जमीन पकडत, पण पक्क्या रस्त्यावर चालले की रस्ता उखडत. १९३२ साली अमेरिकेत ॲलिस-चाल्मर्स कंपनीच्या 'मॉडेल यू' ट्रॅक्टरला फायरस्टोनचे हवेचे टायर बसवले गेले. शेतकऱ्यांना आधी शंका होती की हवेनं भरलेलं रबर नांगर ओढेल कसं. ती घालवण्यासाठी कंपनीनं मोटारशर्यती जिंकणाऱ्या बार्नी ओल्डफील्डला ट्रॅक्टरवर बसवलं, आणि १९३३ मध्ये त्यानं तो ताशी ६४ मैलांहून जास्त वेगानं पळवून दाखवला. खरा फायदा वेगाचा नव्हता. एकच यंत्र शेतातही चालू लागलं आणि बाजारालाही जाऊ लागलं, हा तो फायदा. आज टायर निवडताना जी अडचण येते ती याच सोयीतून आलेली आहे. माती आणि डांबर टायरकडून उलट गोष्टी मागतात. मातीत खोल कंगोरे आणि कमी हवा लागते. डांबरावर जास्त रबर टेकलेलं आणि जास्त हवा लागते.

बदलायची वेळ झाली का

टायर गोटा दिसतो म्हणून लगेच बदलू नका, आणि थोडी नक्षी दिसते म्हणून चालवतही राहू नका. १३.६-२८ सारख्या मापाच्या नव्या टायरचे कंगोरे साधारण सव्वा इंचाच्या आसपास उंच असतात. टायरच्या मध्यभागी, दोन कंगोऱ्यांच्या मधल्या खोलगट भागात पट्टी उभी धरून उंची मोजा. चार-पाच ठिकाणी मोजा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते.

झीज कशी आहे हेही बघा, कारण त्यातून जुन्या टायरचा इतिहास कळतो. मधलं रबर जास्त गेलं असेल तर हवा जास्त ठेवून रस्त्यावर चालवलेलं आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी आणि वजन जास्त होतं. कंगोऱ्याची एक कड धारदार आणि दुसरी उतरती झाली असेल तर ट्रॅक्टर डांबरावर भरपूर ओझं ओढत होता. एकच टायर जास्त झिजला असेल तर चाक सरीत ठेवून केलेली नांगरट, रिमचा वाक किंवा दोन्ही बाजूंच्या हवेतला फरक यांपैकी काही तरी आहे. हे कारण न शोधता नवा टायर चढवला तर तोही त्याच रीतीनं झिजतो.

कंगोरे शिल्लक असले तरी काही खुणा दिसल्या की टायर काढायलाच हवा. बाजूच्या भिंतीवर गाठ किंवा फुगवटा आला असेल, आतलं सूत उघडं पडलं असेल, कंगोऱ्याच्या बुडाशी खोल भेगा गेल्या असतील, किंवा रिमला बसणारी तार उघडी पडली असेल, तर तो टायर धोक्याचा आहे. आतून गेटर, म्हणजे जाड ठिगळ, टाकलेला टायर हळू कामाला शेतात काही दिवस चालेल, पण भरलेला टँकर ओढून रहदारीच्या रस्त्यावर न्यायला तो योग्य नाही.

घसरण मोजायची सोपी रीत

शेतकरी सांगतात, "टायर फिरतोय, ट्रॅक्टर पुढं जात नाही." हे किती होतं ते घरच्या घरी मोजता येतं, आणि बदलण्याचा निर्णय त्यावरच घ्यावा.

मागच्या टायरच्या बाहेरच्या भिंतीवर खडूनं एक ठळक रेघ मारा. ज्या शेतात काम करायचं आहे त्याच शेतात, नांगर वर उचलून, नेहमीच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर चालवा. रेघ जमिनीशी आली तिथे एक खुंटी ठोका. दुसऱ्या माणसानं चाकाबरोबर चालत दहा फेऱ्या मोजायच्या आणि दहावी पूर्ण झाली तिथे दुसरी खुंटी ठोकायची. दोन खुंट्यांमधलं अंतर टेपनं मोजून लिहून ठेवा. मग नांगर नेहमीच्या खोलीवर घालून त्याच गिअरमध्ये पुन्हा दहा फेऱ्या मोजा.

समजा नांगर वर असताना अंतर ३९ मीटर आलं आणि नांगर घातल्यावर ३३ मीटर. फरक ६ मीटर. ६ ला ३९ नं भागून १०० नं गुणलं की १५.४ येतात. म्हणजे घसरण १५ टक्क्यांच्या किंचित वर आहे. मऊ जमिनीत दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरसाठी १० ते १५ टक्के घसरण योग्य मानतात. थोडी घसरण हवीच, तिच्याशिवाय कंगोरे मातीत रोवून जोर लावू शकत नाहीत. अजिबात घसरण नसेल तर चाकावर गरजेपेक्षा जास्त वजन आहे आणि डिझेल ते वजन ओढण्यात जातं. घसरण २५ टक्क्यांवर गेली की चाकाच्या चार फेऱ्यांतली एक फेरी वाया जाते, आणि तिचं डिझेल, रबर आणि वेळ तीनही तुमच्या खिशातून जातात.

घसरण जास्त आली म्हणजे टायर संपला असंच नव्हे. आधी हवा तपासा, चाकावरची लोखंडी वजनं तपासा, नांगराची खोली बघा. हे सगळं बरोबर असूनही घसरण उतरत नसेल आणि कंगोरे झिजलेले असतील, तर टायर बदलल्यानं फरक पडेल. उलट, ट्रॅक्टर वर्षभर फक्त टँकर ओढत असेल तर या चाचणीचा उपयोग नाही. तिथे भेगा, सूत आणि ओल्या रस्त्यावरची पकड या गोष्टी निर्णय करतात.

भिंतीवरचे अंक

टायरच्या भिंतीवर कंपनीच्या नावाखेरीज बरंच काही लिहिलेलं असतं, आणि ते वाचता आलं की दुकानात फसगत होत नाही.

१३.६-२८ याचा अर्थ टायरची रुंदी सुमारे १३.६ इंच आणि रिमचा व्यास २८ इंच. मधली आडवी रेघ सांगते की बांधणी आडव्या-तिरक्या थरांची आहे, आपल्याकडे त्यालाच नायलॉन टायर म्हणतात. रेघेच्या जागी 'आर' अक्षर असेल तर टायर रेडियल आहे. रेडियलमध्ये हेच माप बहुधा ३४०/८५ आर २८ असं लिहितात: रुंदी ३४० मिलिमीटर आणि भिंतीची उंची रुंदीच्या ८५ टक्के. त्याच हिशेबानं १२.४-२८ म्हणजे ३२०/८५ आर २८, १४.९-२८ म्हणजे ३८०/८५ आर २८ आणि १६.९-२८ म्हणजे ४२०/८५ आर २८. चाळीस ते पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरना आपल्याकडे बहुधा १३.६-२८ किंवा १४.९-२८ असतात. छोट्या ट्रॅक्टरना, द्राक्षबागेत फिरणाऱ्यांना, ८.००-१८ किंवा ८.३-२० सारखी मापं असतात.

पुढे ८ पीआर, १२ पीआर असं लिहिलेलं असतं. हा मजबुतीचा दर्जा आहे. आकडा वाढला की टायर जास्त वजन पेलतो, पण तेवढा ताठही होतो. काही टायरवर भाराचा अंक आणि वेगाचं चिन्ह असतं. भाराचा अंक १०० असेल तर एक टायर ८०० किलो पेलतो, १२० असेल तर १४०० किलो, १३० असेल तर १९०० किलो. 'ए६' म्हणजे ताशी ३० किलोमीटरपर्यंत, 'ए८' म्हणजे ४० किलोमीटरपर्यंत. हे आकडे सांगितलेल्या दाबाइतकी हवा असेल तरच खरे धरायचे.

आणखी एक चार आकडी अंक शोधा. २३२४ लिहिलं असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर वापराविना ठेवलं तरी जुनं होतं, आणि उन्हात ठेवलं तर लवकर. दोन टायर घेताना दोघांची तारीख जवळपासची आहे ना, ते बघून घ्या.

नक्षी कोणत्या कामाची

मागच्या टायरच्या नक्षीचे मुख्य प्रकार आर-१, आर-१ डब्ल्यू, आर-२ आणि आर-४ या नावांनी ओळखले जातात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना आर-१ असतो. नांगरट, कुळवणी, पेरणी आणि अधूनमधून ट्रॉली, असं मिश्र काम त्याला झेपतं. आर-१ डब्ल्यूचे कंगोरे त्यापेक्षा सुमारे २० ते २५ टक्के खोल असतात. ओल्या भारी जमिनीत, काळ्या मातीत वाफसा येण्याआधी शिरावं लागतं अशा ठिकाणी तो कामाला येतो. आर-२ चे कंगोरे आर-१ च्या जवळजवळ दुप्पट खोल असतात, तो भातखाचरासाठी आणि चिखलासाठी. मावळात भाताची चिखलणी करणाऱ्याला तो उपयोगी पडतो, पण तोच टायर नगर रस्त्यावर ट्रॉली ओढायला लावला तर उंच कंगोरे डांबरावर वाकतात, हादरे बसतात आणि रबर झपाट्यानं जातं. चिखलणी वर्षातून थोडेच दिवस असेल तर आर-१ टायर आणि सोबत लोखंडी केज व्हील हा स्वस्त आणि समजूतदार मार्ग आहे. आर-४ चे कंगोरे जाड आणि बुटके असतात. जेसीबीसारख्या यंत्रांना, बांधकामाच्या जागी आणि कठीण जमिनीवर तो टिकतो, शेतात मात्र पकड कमी देतो.

या भागात जमीनही एकसारखी नाही. नदीकाठी गाळाची, पूर्वेकडे काळी भारी, पुरंदरच्या बाजूला डोंगरउतारावर मुरमाड. काळ्या ओल्या मातीत दोन कंगोऱ्यांच्या मधे चिखल अडकला की टायर गुळगुळीत चाकासारखाच वागतो. म्हणून अशा जमिनीसाठी कंगोऱ्यांमधली जागा मोकळी असलेली नक्षी घ्यावी, चाक फिरताना ती माती झटकून टाकते. मुरमाड, दगडी जमिनीत उलट: कंगोरे रुंद आणि भिंत जाड असावी, कारण तिथे टायर झिजण्याआधी कापला जातो. उसाचे बुडखे, तुरीची धसकटं आणि बाभळीचे काटे यांनी होणारी पंक्चरं नक्षीमुळे टळत नाहीत. तिथे जाड रबर आणि चांगली ट्यूब उपयोगी पडते.

नायलॉन की रेडियल

रेडियल टायरची भिंत लवचीक असते आणि जमिनीला टेकणारा पट्टा लांब व सपाट असतो. त्यामुळे घसरण कमी होते, माती कमी दाबली जाते, रस्त्यावरची झीजही कमी असते. वर्षातले बरेच तास नांगरट किंवा रोटाव्हेटर चालवणाऱ्याला रेडियलचे जादा पैसे डिझेल आणि वेळ वाचवून परत मिळू शकतात.

तरी सगळ्यांनी रेडियलच घ्यावा असं मी म्हणणार नाही. लवचीक भिंतीला दगडाची धार लवकर लागते. मुरमाड उतारावर, दगडखाणीच्या वाटेवर, पाडकामाच्या सळया-काचा पडलेल्या जागी नायलॉनची ताठ भिंत जास्त काळ टिकते. त्याची दुरुस्ती गावातला पंक्चरवालाही करू शकतो, आणि किंमत कमी असते. टँकर आणि राडारोडा वाहणाऱ्या ट्रॅक्टरला चांगल्या पीआरचा नायलॉन टायर हा योग्य पर्याय आहे. एक नियम मात्र दोघांनाही सारखाच: मागच्या धुरीवर एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला रेडियल असं कधीही बसवू नका.

"एक नंबर मोठा बसवू का, काका?"

दुकानात हा प्रश्न हमखास येतो. मोठा टायर दिसायला भारदस्त असतो, ट्रॅक्टर उंच वाटतो, आणि चालवणाऱ्याला वाटतं की ओढ वाढेल. गणित काय सांगतं ते बघू.

१३.६-२८ चा व्यास सुमारे १३१० मिलिमीटर आणि १४.९-२८ चा सुमारे १३६५ मिलिमीटर असतो. फरक जवळजवळ ४ टक्के. म्हणजे त्याच गिअरमध्ये, त्याच आरपीएमला ट्रॅक्टर ४ टक्के जास्त वेगानं पळेल, आणि चाकापाशी मिळणारी ओढ ४ टक्क्यांनी कमी होईल. रुंद टायर मऊ मातीत कमी रुततो, हा फायदा आहे. पण जड नांगराला आधीच इंजिन दमत असेल तर तो फायदा उरत नाही. शिवाय रिमची रुंदी टायरला जुळायला हवी. १३.६ च्या टायरला डब्ल्यू १२ रिम असतो. १६.९ ला त्याहून बराच रुंद लागतो. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला की मधला भाग फुगतो, कडा उचलल्या जातात आणि रुंदीचे पैसे फुकट जातात. मडगार्डला घासणं, हायड्रॉलिकच्या साखळीला लागणं, ओळीतल्या पिकावर चाक येणं, हे आणखी वेगळे प्रश्न आहेत. द्राक्षबागेत किंवा उसाच्या सरीत दोन-तीन इंचांनीही फरक पडतो.

चारही चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरमध्ये ही चूक जास्त महागात पडते. अशा ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित पुढे धावतील, साधारण १ ते ५ टक्के, अशी रचना असते. समजा तुमच्या ट्रॅक्टरमध्ये ती ३ टक्के आहे आणि तुम्ही मागे ४ टक्के मोठा टायर बसवला. आता पुढची चाकं ओढायच्या ऐवजी मागे पडतात, मागच्या चाकांना त्यांना ढकलावं लागतं, आणि त्याचा ताण गिअरवर व धुरीवर येतो. तेच माप घेतलं तरी हा प्रश्न थोडा उरतोच. झिजलेल्या टायरचा कंगोरा अडीच सेंटिमीटर गेला असेल तर त्याचा घेर सुमारे १५-१६ सेंटिमीटरनं कमी झालेला असतो. मागे कोरा टायर आणि पुढे झिजलेला, अशी जोडी जमली की पुढची चाकं तशीच मागे पडतात. म्हणून चार चाकी ओढीच्या ट्रॅक्टरला मागचे टायर बदलताना पुढच्यांची झीजही मोजा, आणि ती जास्त असेल तर चारही एकदम बदलण्याचा विचार करा.

कोणतं माप योग्य हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या वितरकाकडे मिळते. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेच्या अहवालांतही त्या-त्या मॉडेलचं वजन आणि टायरची मापं दिलेली असतात.

जोडीनंच घ्या

दोन्ही टायर एकदमच बदला. कमीजास्त उंचीचे दोन टायर म्हणजे दोन वेगळ्या मापांच्या चपला घालून मैलभर चालणं. सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला सतत फरक भरून काढावा लागतो, ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो, आणि डिफरन्शियल लॉक लावला की ताण आणखी वाढतो. एक टायर फुटला आणि दुसरा निम्म्याहून जास्त शिल्लक असेल, तर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा आणि जवळपास तेवढीच झीज झालेला टायर शोधणं किंवा रिमोल्ड करून घेणं बरं. रिमोल्ड करताना आतलं सूत मजबूत आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. ज्याला मोठा गेटर लागलेला आहे किंवा ज्याची भिंत भेगाळली आहे, त्यावर रबर चढवून काही साधत नाही.

बसवताना आणि बसवल्यावर

जुन्या टायरमध्ये पाणी असेल तर ते आधी काढा. १३.६-२८ च्या टायरमध्ये पाऊण चाक पाणी भरलं तर ते पावणेदोनशे लिटरच्या आसपास भरतं. म्हणजे एका चाकात पावणेदोन क्विंटल वजन नुसतं पाण्याचं. त्याच्यावर रिमचं वजन आणि बाहेरून लावलेली लोखंडी वजनं वेगळी. असं चाक जॅकवरून कलंडलं तर माणूस वाचत नाही. काम सपाट कठीण जागी करा, पुढच्या चाकांना ओट लावा, धुरीखाली लाकडी ठोकळे घाला. नुसत्या जॅकवर विसंबू नका.

नवा टायर बसवताना ट्यूब नवीच घाला. रिम गंजला असेल तर घासून रंग द्या, नाहीतर गंजाचे कंगोरे ट्यूब कापतात. टायरची कड रिमवर नीट बसावी म्हणून साबणाचं पाणी लावा. कड बसत नाही म्हणून हवा वाढवत जाऊ नका. ३५ पीएसआयच्या वर कधीही जाऊ नका. हवा काढा, पुन्हा साबण लावा, पुन्हा प्रयत्न करा. जास्त हवेनं तार तुटली तर टायर स्फोट झाल्यासारखा उडतो. भिंतीवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेनं आहे ना ते बघा. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं की नक्षीची टोकं वरच्या बाजूला असायला हवीत. उलट बसवला तर कंगोरे माती बाहेर ढकलण्याऐवजी मधे गोळा करतात. चाकाचे नट पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा आवळून घ्या.

हवेचा दाब हा टायरइतकाच महत्त्वाचा आहे. बहुतेक मध्यम ट्रॅक्टरांना शेतकामासाठी मागे साधारण १२ ते १४ पीएसआय आणि रस्त्यावर ट्रॉली ओढताना १८ ते २० पीएसआय लागतात. नेमका आकडा तुमच्या पुस्तिकेतला धरा. शेतात जास्त हवा ठेवली की टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो आणि घसरतो. भरलेल्या टँकरखाली कमी हवा ठेवली की भिंत दर फेरीला वाकते, आतून तापते आणि सूत तुटायला लागतं. एकाच आठवड्यात दोन्ही कामं असतील तर दाब बदलायचा कंटाळा करू नका. हवेचा साधा गेज जवळ ठेवा. चाकाला लाथ मारून हवा कळते, ही समजूत ट्रॅक्टरच्या बाबतीत महागात पडते.

चाकात पाणी भरायचं की नाही, हे पुन्हा कामावर ठरतं. जड नांगर किंवा पलटी नांगर ओढायचा असेल तर पाणी आणि लोखंडी वजनं उपयोगी पडतात. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून पाऊण चाकापर्यंतच भरा, वरची हवा राहिलीच पाहिजे. वर्षभर रस्त्यावरच चालणाऱ्या ट्रॅक्टरला एवढं वजन फिरवायची गरज सहसा नसते. त्याचं डिझेल रोज जातं, फायदा मात्र दिसत नाही.

खरेदीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर दोन्ही टायरचे क्रमांक लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या मागच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिल हाती असेल तर तो फायदा तुम्हाला मिळाला का हे कळतं, आणि टायरमध्ये दोष निघाला तर कंपनीकडे दाद मागता येते.

नवे टायर घ्यायच्या आधी निदान एक हंगाम छोटी वही ट्रॅक्टरवर ठेवा. अवर मीटर बघून रोज दोन आकडे लिहा: शेतात किती तास, रस्त्यावर किती तास. निम्म्याहून जास्त तास मातीत असतील तर नक्षीवर आणि शक्य असेल तर रेडियलवर पैसे घाला. निम्म्याहून जास्त डांबरावर असतील तर मजबूत नायलॉन, आर-१ नक्षी, कमी पाणी आणि योग्य हवा. माप पुस्तिकेतलंच, जोडी एकाच दिवशी, तारीख बघून. दुकानदाराचं म्हणणं जरूर ऐका, पण निर्णय त्या वहीतल्या दोन रकान्यांवर घ्या. तुमच्या ट्रॅक्टरचं काम त्या वहीला दुकानदारापेक्षा जास्त माहीत आहे.